कानाचे कायक



कायक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हात येतात. दोर वळणारे हात, मोळी बांधणारे हात, नाव वल्हवणारे हात. बाराव्या शतकातील शरणांनी हाताच्या श्रमाला पूजेची प्रतिष्ठा दिली, हे आपण जाणतो आणि अभिमानाने सांगतोही. परंतु आज आपल्यापैकी पुष्कळांचे कायक हाताचे कमी आणि माणसांशी बोलण्याचे अधिक झाले आहे. कोणी दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, कोणी बँकेच्या खिडकीमागे, कोणी दवाखान्यात, कोणी अडतीच्या पेढीवर, कोणी सरकारी कचेरीत. दिवसभर माणसे येतात, काही सांगतात, काही मागतात आणि जातात. सुताराला रंधा, शिंप्याला सुई, तसे या कायकाचे अवजार कोणते? या कायकाचे अवजार म्हणजे कान. सुतार सकाळी रंध्याचे पाते परजून मगच कामाला लागतो. कानाला धार लावावी, हे मात्र आपल्याला सुचत नाही.

सेवेसाठी आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे : शुश्रूषा. आजाऱ्याची शुश्रूषा केली, वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा केली, असे आपण म्हणतो. औषध देणे, पाय चेपणे, अंथरूण बदलणे एवढेच त्यात आपल्याला दिसते. पण शब्दाची घडण पाहा. संस्कृतात 'श्रु' म्हणजे ऐकणे. या धातूला इच्छा दाखवणारा 'सन्' प्रत्यय लागला की 'शुश्रूषा' शब्द तयार होतो. म्हणजे त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. गुरूचे शब्द ऐकावेत म्हणून शिष्य त्याच्याजवळ राहतो; जवळ राहतो म्हणून सेवा करतो; आणि ऐकण्याच्या इच्छेचा शब्द सेवेचा शब्द होऊन बसतो. ज्याला ऐकण्याची इच्छा नाही, त्याची सेवा कितीही धावपळीची असली तरी शब्दाच्या मूळ अर्थाने ती शुश्रूषा नव्हे.

यात आणखी एक मौज आहे. साधा 'श्रु' धातू परस्मैपदी चालतो. पण तोच इच्छार्थी झाला की पाणिनी त्याला आत्मनेपद सांगतात. परस्मैपद म्हणजे दुसऱ्यासाठी, आत्मनेपद म्हणजे स्वतःसाठी. नियम व्याकरणाचा आहे, तरी त्यातून जीवनाचा अर्थ घ्यायला काय हरकत आहे? मन लावून ऐकतो त्याचेच आधी कल्याण होते.

कौटिल्याने राजाच्या अंगी असावयाच्या प्रज्ञेचे आठ गुण सांगितले आहेत. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा, श्रवण म्हणजे प्रत्यक्ष ऐकणे, ग्रहण म्हणजे अर्थ पकडणे, धारण म्हणजे तो ध्यानात ठेवणे, विज्ञान म्हणजे त्यामागचे नेमके जाणणे, ऊह म्हणजे तर्क करणे, अपोह म्हणजे न टिकणारे तर्क बाजूला सारणे आणि तत्त्वाभिनिवेश म्हणजे जे खरे ठरले त्याला धरून राहणे. यातल्या ऊह आणि अपोह या दोहोंचा मिळून आपला मराठी 'ऊहापोह' झाला. हा ऊहापोह सहाव्या आणि सातव्या पायरीवर आहे, हे ध्यानात घ्या. आपण पहिल्या पाच पायऱ्या ओलांडून थेट तेथे उडी मारतो. समोरचा बोलू लागतो न लागतो तोच आपले उत्तर तयार होते. पुढे तो बोलत असतो तेव्हा आपण ऐकत नसतो; त्याचे बोलणे संपण्याची वाट पाहत असतो.

एक उदाहरण घेऊ. कृषी सेवा केंद्रात शेतकरी येतो आणि म्हणतो, "उसाची पानं पिवळी पडल्यात, काहीतरी द्या." 'पिवळी' हा शब्द कानी पडताच दुकानदाराचा हात फळीवरच्या बाटलीकडे जातो. वास्तविक पिवळेपणाची कारणे अनेक. नत्र कमी पडले तर आधी खालची जुनी पाने पिवळी होतात. लोह कमी पडले तर वरची कोवळी पाने पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. चुनखडीच्या रानात हे पुष्कळदा दिसते, आणि उसावर 'केवडा पडला' असे आपले शेतकरी म्हणतात. रानात पाणी तुंबून मुळे गुदमरली तरी पाने पिवळी पडतात. तेथे बाटली नको, पाणी काढून द्यायला चर हवा. कोणते पान, कसले रान, पाणी केव्हा दिले, हे सगळे त्या शेतकऱ्याच्या जिभेवर होते. त्याला फक्त अर्धा मिनिट मिळाला नाही. बाटली गेली, पावती फाटली, विक्री झाली. सेवा झाली नाही. पंधरा दिवसांनी ऊस तसाच. पैसे गेले ते गेलेच, पण हंगामातले पंधरा दिवस गेले, आणि ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत.

या दुकानदाराला आपण लबाड म्हणू का? मुळीच नाही. त्याने माल चांगला दिला, रास्त भावाने दिला, वजनमापात खोट केली नाही. कायक शुद्ध असावे म्हणून आपण जे जे सांगतो ते त्याने सारे पाळले. फक्त ऊहापोह आधी केला आणि श्रवण मागे राहिले. प्रामाणिक माणसाच्या हातूनही दुसऱ्याचे नुकसान होऊ शकते ते असे, आणि म्हणूनच हा विषय केवळ दुकानदारीच्या हुशारीचा नाही, धर्माचा आहे.

शरणांची वचने ज्या कन्नड भाषेत अवतरली, तिच्यात 'केळु' हे एकच क्रियापद ऐकण्यासाठीही आहे आणि विचारण्यासाठीही. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. ऐक म्हणायचे तरी 'केळु', विचार म्हणायचे तरी 'केळु'. ज्याने काही विचारलेच नाही त्याने खरे ऐकलेही नाही, असे जणू ती भाषाच सांगते. पंधराव्या शतकात शिवगणप्रसादी महादेवय्यांनी प्रथम संकलित केलेला 'शून्यसंपादने' हा ग्रंथ पाहा. त्याची सारी रचना संवादाची आहे. अक्कमहादेवी कल्याणास आली तेव्हा अल्लमप्रभूंनी तिला एकामागून एक कठीण प्रश्न केले. तिला पाडावे हा त्या प्रश्नांचा हेतू नव्हता. तिच्या अंतरीचे पुरते बाहेर यावे, सभेला ते कळावे, हा होता. अनुभव मंटपात बिज्जळ राजाचे भांडारी बसवण्णा होते, तसे दोर वळणारे नुलिय चंदय्या होते, नावाडी अंबिगर चौडय्या होते, कपडे धुणारे मडिवाळ माचय्या होते. एकमेकांचे ऐकल्यावाचून अशी सभा एक दिवसही चालली नसती.

प्रश्नाप्रश्नांत मात्र फरक असतो. "खालची पानं की वरची?" हाही प्रश्न आहे आणि "एवढंही कळत नाही का?" हाही प्रश्न आहे. पहिला समोरच्याचे तोंड उघडतो, दुसरा बंद करतो. सीमाभागातल्या दुकानात कन्नड बोलणारे गिऱ्हाईक मोडक्या मराठीत सांगू लागते, किंवा मराठी बोलणारा माणूस कन्नड कारकुनासमोर अडखळतो, तेव्हा ही परीक्षा रोजच होते. समोरच्याची भाषा अपुरी असेल तर आपला कान पुरा लागला पाहिजे. एरवी आपण त्याच्या व्याकरणाला हसतो आणि त्याचे गाऱ्हाणे राहून जाते.

शरणांमध्ये वैद्य संगण्णा नावाचे वचनकार होते. वैद्यकी हेच त्यांचे कायक. आजच्या वैद्यांच्या ऐकण्याविषयी अमेरिकेत एक अभ्यास झाला, तो प्रत्येक सेवकाने मनावर घ्यावा असा आहे. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात डॉक्टर आणि रुग्ण यांच्या ७४ भेटी तपासल्या. रुग्णाने आपले दुखणे सांगायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत, असे दिसले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकी पाहणीत हा काळ सुमारे २३ सेकंद भरला. पण त्या पाहणीतली खरी शिकवण वेगळीच आहे. ज्यांना बोलणे पुरे करू दिले, त्यांना तोडलेल्या रुग्णांपेक्षा सरासरी अवघे ६ सेकंद अधिक लागले. 'ऐकत बसलो तर रांग वाढेल' ही आपली सर्वांची सबब. जी रांग वाढण्याची आपल्याला धास्ती, ती सहा सेकंदांची निघाली! सहा सेकंदांत पंचाक्षरी मंत्र दोनदाही शांतपणे म्हणून होत नाही.

ग्रहण आणि धारण या पायऱ्या कशा सांभाळाव्यात, हे रेल्वेकडून शिकावे. सिग्नलशी न जोडलेल्या फाटकावरचा माणूस फाटक बंद करून कुलूप लावतो आणि स्टेशनमास्तरला फोनवर आपला प्रायव्हेट नंबर देतो. स्टेशनमास्तर तो नंबर परत म्हणतो आणि वहीत लिहितो. "हां हां, कळलं" एवढ्यावर तेथे भागत नाही. कारण अर्धवट ऐकण्याची किंमत काय असते, हे रेल्वे जाणते. आपल्या पेढीवर, दवाखान्यात, औषधाच्या दुकानात तेवढी सावधानता का नसावी? "म्हणजे तुम्हाला दहा पोती शनिवारी हवीत, आणि पैसे सोमवारी देणार, बरोबर?" असे एक वाक्य परत म्हटले तर पुढची किती भांडणे वाचतील! एकाच्या नावासारखे दुसरे नाव असलेल्या औषधांच्या बाबतीत तर ही सवय प्राण वाचवणारी आहे.

पाचवी पायरी विज्ञानाची, म्हणजे बोललेल्या शब्दामागचे जाणण्याची. बँकेच्या खिडकीशी एक वृद्ध माउली येते. म्हणते, "माझी पेन्शन बंद झाली." आतून उत्तर येते, "हयातीचा दाखला द्या." ती म्हणते, "तीनदा आले." उत्तर येते, "मग चौथ्यांदा या." ती परत जाते. तिला सांगायचे होते ते हे, की उभे आयुष्य शेतात आणि चुलीशी राबून बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, यंत्रावर ठसा उमटत नाही. चेहऱ्यावरून ओळख पटवून दाखला देण्याची सोय आता आहे. ती सोय खिडकीमागच्या माणसाला ठाऊकही असेल. पण ज्याने अडचण ऐकलीच नाही, त्याच्या ठाऊक असण्याचा त्या माउलीला काय उपयोग? मठात दर्शनाला येणाऱ्यांतही आम्ही पाहतो. मार्ग विचारायला आलो असे म्हणणाऱ्या पुष्कळांना आधी केवळ सांगायचे असते. सांगून झाले की कित्येकांना आपला मार्ग आपणच दिसतो.

आता कठीण भाग घेऊ. गोड बोलणाऱ्याचे ऐकणे सोपे. रागावून आलेल्याचे काय? 'शून्यसंपादने'त सिद्धरामेश्वरांची कथा आहे. सोन्नलिगे म्हणजे आजचे सोलापूर. तेथे तळ्याचे खोदकाम चालले होते. अल्लमप्रभू आले आणि त्यांनी सिद्धरामांना माती खणणाऱ्यांच्या जातीच्या नावाने पुकारले. कामावरची मंडळी खवळली, दगड घेऊन धावली. प्रारंभी सिद्धरामही कोपले. पण कोपाच्या पलीकडे जाऊन त्यांनी त्या कठोर हाकेतला प्रश्न ऐकला : बाहेर खणताना आतले खणायचे राहिले तर नाही ना? ऐकला म्हणून ते अल्लमप्रभूंबरोबर कल्याणास गेले. लोकांनी अपमान ऐकला, सिद्धरामांनी अर्थ ऐकला. तक्रार घेऊन आलेले गिऱ्हाईक अल्लमप्रभू नसते, हे खरे. पण त्याच्या दहा कडू शब्दांत एक खरा असतो, आणि तो एक शब्द आपल्याला फुकट मिळत असतो. शिवाय भांडणारे गिऱ्हाईक निदान परत येते. ज्याने अपेक्षा सोडली, ते न बोलता निघून जाते, आणि आपल्याला वाटते सगळे ठीक चालले आहे.

मराठीत 'ऐकणे' या शब्दाचा एक अर्थ आज्ञा मानणे असाही आहे. "मुलगा माझं ऐकत नाही" म्हणजे त्याला कमी ऐकू येते असे नव्हे. या अर्थामुळे वरिष्ठांच्या मनात एक भय बसते. नोकराचे ऐकले म्हणजे त्याच्यापुढे नमलो, गिऱ्हाइकाचे ऐकले म्हणजे त्याची मागणी मान्य केली! तसे नाही. आठ गुणांत अपोहही आहे. पुरे ऐकून, समजून, मग 'हे मला शक्य नाही' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहेच. आणि पुरते ऐकून दिलेला नकार माणूस सहन करतो. न ऐकता दिलेला होकारसुद्धा त्याला दान फेकल्यासारखा वाटतो.

आयदक्की मारय्यांचे कायक सांडलेले तांदूळ वेचण्याचे. एके दिवशी त्यांनी गरजेपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्माने ते परत टाकून यायला सांगितले, अशी कथा परंपरेने जपली आहे. लक्कम्माच्या थोरवीवर प्रवचने होतात, ती व्हावीतच. पण ऐकणाऱ्या मारय्यांकडेही पाहा. नफ्याचा दिवस, हातात आलेले धान्य, आणि घरातली बाई सांगते परत जा. ते गेले. आपल्या पेढीवर नफ्याच्या दिवशी दिवाणजीचे, हमालाचे, झाडणाऱ्या बाईचे कोण ऐकतो? गोदामात कोठे ओल आली, कोणते पोते फुटले, कोणते गिऱ्हाईक तोंड पाडून गेले, हे मालकाच्या आधी त्यांना ठाऊक असते.

आणि न ऐकण्याचे ओझे जेव्हा एका दुकानाचे न राहता साऱ्या बाजाराचे होते, तेव्हा काय घडते हेही आपल्या भागाने पाहिले आहे. १९८१ साली निपाणीत तंबाखू पिकवणारे शेतकरी रास्त भावासाठी महामार्गावर ठाण मांडून बसले. त्याचा शेवट एप्रिल महिन्यात गोळीबाराने झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या वादातले हिशेब येथे मांडायचे नाहीत. एवढेच लक्षात घ्यावे, की माणूस बायकामुलांसह रस्त्यावर येऊन बसतो, तो त्या आधी कितीतरी दारांशी बोलून थकलेला असतो.

हे सारे आपल्या धर्मविचाराशी कोठे जुळते? दीक्षेच्या वेळी गुरू मंत्र देतात तो कानात देतात. आपले नवे जीवन कानातून सुरू होते. षट्स्थल विचारात प्रत्येक इंद्रियाला एक लिंग सांगितले आहे. नाकाला आचारलिंग, जिभेला गुरुलिंग, डोळ्यांना शिवलिंग, त्वचेला जंगमलिंग. कानाच्या ठायी आहे ते प्रसादलिंग, आणि त्याचे स्थल शरणस्थल. याचा विचार करा. शब्द ऐकायचा तो प्रसाद म्हणून. प्रसाद आपण कसा घेतो? हात पुढे करून, थांबून, खाली न सांडता. हा गोड म्हणून घेतला, तो फिका म्हणून टाकला, असे करत नाही. गिऱ्हाइकाचा, रुग्णाचा, खिडकीशी उभ्या माणसाचा शब्द असा झेलता आला, तर गल्ल्यावर बसूनही लिंगपूजा घडेल.

दासोहाच्या पंगतीत चांगला वाढपी कोण, ते पाहा. जो भराभर वाढत सुटतो तो नव्हे. पानावर कोणाचा हात आडवा झाला, कोणाचा मीठ संपल्यावर अवघडून थांबला, कोणत्या म्हाताऱ्याला भाकरी चावत नाही पण तो मागायला लाजतो, हे ज्याला कळते तो. तो न बोललेलेही ऐकतो. दासोह अन्नाने होतो, तसा तो ऐकण्यानेही होतो. आणि या दासोहाला कोठार लागत नाही.

म्हणून पुढचा अंक हाती येईपर्यंत एक महिना एवढेच व्रत घ्यावे. माणूस समोर आला की मोबाईल पालथा ठेवावा. त्याचे पहिले वाक्य संपेपर्यंत आपले पहिले वाक्य काढू नये. उत्तर देण्याआधी एक प्रश्न विचारावा आणि त्याचे म्हणणे एकदा आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवावे. रात्री इष्टलिंग पूजेला बसण्यापूर्वी दिवसभरात आलेला एखादा शब्द आठवावा, जो आपण कानाआड केला, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला आपणहून विचारावे, "काल तुम्ही काही सांगत होता..."

ते वाक्य ऐकून समोरचा चेहरा कसा होतो, ते पाहावे. त्या क्षणी आपल्या हातून शुश्रूषा घडलेली असेल.

शरणु शरणार्थी.